परीक्षक क्रमांक चार

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाने लग्नात, मयतात आणि मीटिंगमध्ये शक्यतो मागच्या खुर्चीवर बसावं. पुढे बसलं की कुणाचा तरी प्रोजेक्टर लागत नाही. मी त्या दिवशी मागेच बसलो होतो, तरी बिराजदारांनी मला हेरलंच.

"पेपर मागवायची ऑनलाइन व्यवस्था तोडकरसर बघतील," ते भर मीटिंगमध्ये म्हणाले. "तेवढंच त्यांचं मन रमेल."

मन रमेल! माझी बायको जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते आणि कॉलेजातला जो तो माझं मन रमवायला टपला होता. खरं सांगायचं तर मनाला काही झालंच नव्हतं. रडू आलं नाही, झोप उडाली नाही. दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिलं की गाल कसा आपला वाटत नाही, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो. एक वाजला की जेवायचो, दहा वाजले की आडवा व्हायचो. हैदराबादहून लेक फोन करायची, "बाबा, जेवलात का?" मी म्हणायचो, "हो." त्यापुढे तिलाही सुचायचं नाही आणि मलाही.

बिराजदारांनाही मी "बरं" म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणायचो.

परिषद होती माती आणि भूजलाची. दर वर्षी वेगळ्या गावी भरते; यंदा यजमानपद आमच्या कराडच्या कॉलेजकडे. बिराजदार भूगोलाचे, तेच निमंत्रक. आणि माझी बायको, डॉ. वैजयंती तोडकर, मातीची डॉक्टर. या परिषदेत तिचं नाव निघालं की चांगल्या चांगल्या प्रोफेसरांना घाम फुटायचा. पेपर तपासणारी म्हणून ती महाखडूस. घरात मात्र मला 'अहो' वगैरे न म्हणता सरळ 'तोडकर' म्हणायची, जसं काही मी तिचा प्रयोगशाळा सहायक.

व्यवस्था उभी करायची म्हणजे काय? लेखकांनी खातं उघडायचं, पेपर चढवायचा, यंत्रणेने त्यावरचं नाव-गाव झाकायचं आणि योग्य परीक्षकाकडे पाठवायचं. लेखकाला परीक्षक कळू नये, परीक्षकाला लेखक कळू नये. हे सगळं पूर्वीही होतं. नवीन होते ते परीक्षक.

लेखनाची यंत्रं आल्यापासून पेपरांचा पूर आला होता. ज्या परिषदेला शंभर पेपर यायचे तिथे आता पाच हजार येतात. ते वाचणार कोण? माणसांनी हात वर केले. मग 'प्रतिपरीक्षक' निघाले. कल्पना साधी आहे. एखाद्या अभ्यासकाने आयुष्यभर दिलेले सगळे शेरे गोळा करायचे. मग दोन-तीन वर्षं तो पेपर वाचत असताना त्याची नजर पडद्यावर कुठे थबकते, कुठून मागे जाते, कोणता आकडा परत परत बघते, हे कॅमेऱ्याने टिपायचं. या सगळ्यावर एक छोटं यंत्रमन शिकवून तयार करायचं. नवा पेपर दिला की ते त्या माणसासारखं अडतं, त्या माणसासारखं कुरकुरतं आणि त्याच्या भाषेत शेरा लिहितं.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण लोक भलतंच धरून बसतात. प्रतिपरीक्षकाला त्या माणसाच्या आठवणी नसतात. त्याचं लग्न, त्याची मुलं, त्याला आवडणारी भाजी, यातलं काही त्याच्यात उतरलेलं नसतं. उतरलेली असते ती फक्त शंका घेण्याची रीत.

प्रतिपरीक्षक पुरवणाऱ्या कंपनीकडून आलेली परीक्षकांची यादी मी यंत्रणेत चढवत होतो. क्रमांक चारला नाव होतं डॉ. वैजयंती तोडकर. पुढे हिरव्या अक्षरांत 'चालू'.

मी मदतकेंद्राला फोन लावला. एक मुलगी बोलली.

"चार नंबरच्या मॅडम वारल्यात," मी म्हणालो.

"हो सर, आमच्याकडे नोंद आहे. सॉरी सर. पण मॅडमनी या परिषदेला आधीच संमती दिली होती. नियम असा आहे, की संमती दिलेल्या परिषदेपुरता प्रतिपरीक्षक काम करतो. पेपर घेणं बंद झालं की तो शिल्लक पेपर तपासतो आणि आपोआप पुसला जातो."

"पुसला जातो म्हणजे?"

"म्हणजे सर, कायमचा. माणूस हयात नसताना त्याच्या नावाने मत देत राहणं बरोबर नाही ना? तुम्हाला आत्ताच काढायचा आहे का?"

"नको," मी म्हणालो. "असू दे."

आता चाचणी घ्यायची होती. चाचणीचा पेपर म्हणजे आपल्याकडे लोक काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. कुठला तरी उतारा उचलायचा आणि तोच दहा वेळा चिकटवायचा. मीही तेच केलं. 'चाचणी लेखक' नावाने खातं उघडलं आणि सोसायटीच्या पाणीकपातीची सूचना दहा वेळा चिकटवून विषय निवडला 'माती'. खऱ्या लेखकांना शेरे परिषदेचा निकाल लागेपर्यंत दिसत नाहीत, कारण सगळ्या पेपरांची तुलना एकदम होते. चाचणीच्या खात्याला मात्र लगेच दिसतात. मिनिटभरात शेरा आला.

'परीक्षक ४. निर्णय: नकार. लेखकाने हे पाठवण्याआधी स्वतः एकदा वाचावं. मग मला वाचायला सांगावं.'

मी खुर्चीत मागे टेकलो. लॅबमध्ये पोरं बसली होती, पंखा फिरत होता. मला एकदम भूक लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा घड्याळ न बघता भूक लागली! उठलो आणि कँटीनमध्ये जाऊन दोन मिसळी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी खरा पेपर लिहायला घेतला. मला मातीतलं ओ की ठो कळत नाही. पण आमच्या परसात वैजूने लावलेलं कागदी लिंबाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी माती आहे. तेवढ्यावर दोन पानं खरडली: 'परसातील लिंबाच्या मुळाशी असलेल्या मातीतील ओलावा.' त्याच चाचणीच्या खात्यातून चढवायच्या आधी यंत्रणेने नेहमीचा प्रश्न विचारला: परीक्षकांपैकी कोणी तुमचे नातेवाईक आहे का? मीच ठेवलेला प्रश्न तो. 'नाही'वर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी 'नाही' म्हटलं. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि एका टिचकीत आम्ही एकमेकांचे कोणी नाही! वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शेरा आला. 'नकार. नमुना किती खोलीवरून घेतला? सकाळी की दुपारी? माती वाळवायला कोणता ओव्हन वापरला? स्वयंपाकघरातला असेल तर तसं लिहावं. लाजू नये.'

झालं. मी खुरपं शोधलं. वीतभर खणून माती घेतली, तिच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोलली, कॉलेजात तिच्या जुन्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये वाळवली, पुन्हा तोलली. वजन जेवढं घटलं तेवढं पाणी. हेच तिचं आयुष्यभराचं काम होतं आणि सत्तावीस वर्षांत मी एकदाही तिला विचारलं नव्हतं, की हे तू करतेस तरी काय?

रोज एक नमुना, रोज एक पेपर. रोज नकार. 'कोरडी झालेली माती वरून ओतलेलं पाणी लगेच घेत नाही, ते वाहून जातं. हे लेखकाला माहीत नसावं.' एकदा माझी जीभ वळवळली आणि मी पेपरात घुसडलं, की हे झाड वाईच्या नर्सरीतून आणलं होतं, आणि एसटीत ते मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने वाटभर नवऱ्याला खिडकी मिळू दिली नव्हती. बघू तरी, म्हटलं.

'ही माहिती विषयाशी संबंधित नाही,' परीक्षक चार म्हणाली. 'वगळावी.'

वगळली.

एव्हाना पेपर पाठवायची शेवटची तारीख आली. आमच्या परिषदांची एक रीत आहे. पहिली तारीख ही खरी नसतेच. ती लग्नपत्रिकेतल्या 'सहकुटुंब सहपरिवार'सारखी असते, छापायची म्हणून छापायची. तिच्या आधी पेपर पाठवेल तो नवखा. वैजूला याची भयंकर चीड. तारीख म्हणजे तारीख, असं तिचं म्हणणं. ती निमंत्रक झाली होती त्या वर्षी तिने मुदतवाढ दिली नाही आणि निम्मं सभागृह रिकामं राहिलं. भाषण मात्र भरलं असल्यासारखं करून आली.

"सर, टाका की पंधरा दिवस," बिराजदार म्हणाले. मी टाकले. नुसती रीत म्हणून. पण बटण दाबल्यावर 'परीक्षक ४: चालू' हे हिरवं अक्षर आणखी पंधरा दिवस राहणार, हे ध्यानात आलं. त्या दिवशीही कडकडून भूक लागली.

दुसऱ्या मुदतवाढीला बिराजदार नाही, मीच म्हणालो. "विदर्भातून पेपर कमी आलेत. देऊया का?"

"वा! तोडकरसर, तुम्ही खरे संयोजक," ते खूश झाले.

तिसऱ्या वेळी मी विचारलंसुद्धा नाही. मुदत वाढवली आणि सगळ्यांना निरोप धाडून मोकळा झालो. कोणाला काही वाटलं नाही. उलट दोघांनी आभार मानले.

रेश्मा मुलाणी मला भेटायला आली ती वैजूच्या लॅबमध्येच. मी ओव्हनमधून मातीची वाटी काढत होतो. रेश्मा जतची, वैजूची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वैजू गेल्यावर तिला नावापुरता दुसरा गाईड दिला होता, पण त्याला तिचा विषयही धड सांगता येत नव्हता.

"सर, परिषदेचं बंद कधी होणार?" तिने विचारलं.

"होईल की. घाई काय आहे?"

"सर, माझी नोंदणी या महिनाअखेर संपते. प्रबंध द्यायचा तर एक पेपर स्वीकारल्याचं पत्र लागतं विद्यापीठाला. पेपर मी पहिल्या तारखेच्या आत पाठवलाय."

"आत पाठवला? कशाला?"

"मॅडमची सवय, सर. तारीख म्हणजे तारीख."

मी वाटी काट्यावर ठेवली. "विद्यापीठाला म्हणावं मुदत वाढवून द्या."

"दोनदा दिली त्यांनी. मॅडम आजारी पडल्या तेव्हा एक, आणि गेल्या तेव्हा एक. आता नाही देणार. नोंदणी गेली की पाच वर्षांचं काम गेलं. पुन्हा पहिल्यापासून." मग ती म्हणाली, "सर, मॅडम असत्या तर त्यांनी तीन-तीन मुदतवाढी दिल्या नसत्या."

"मॅडम नाहीत!" मी ओरडलो. "नाहीत ना मॅडम! मग कशाला सांगतेस त्या काय करत्या आणि काय नाही!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पडू दिलं नाही.

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "रोज माहीत असतं."

ती गेली. मी वजन लिहून घेतलं. माझा आवाज एवढा चढला तरी आत काही हललं नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं. पण ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. रोज माहीत असतं. मला रोज माहीत नसायचं. मला तर रोज शेरा यायचा.

त्याच आठवड्यात शनिवारी तिसरी मुदतवाढ संपत होती. सकाळी मी आणखी एक पेपर लिहायला बसलो. या वेळी ठरवलं, फसवाफसवी नको. तिला आवडायचं तसं लिहायचं. आधी काय पाहिलं ते, मग कसं मोजलं ते, मग आकडे. शीर्षक दिलं: 'घरातील एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर परसातील मातीच्या ओलाव्यात झालेला बदल.'

लिहिलं, की घरातली ती व्यक्ती रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी झाडाच्या मुळाशी घालायची. ती गेल्यानंतर ओलावा टप्प्याटप्प्याने उतरत गेला. पानं आधी वळली, मग पिवळी पडली, आता गळतायत. सर्व नमुने वीतभर खोलीवरून, सकाळी, कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवून. आलेखही काढला. निष्कर्षात लिहिलं, 'ओलावा सातत्याने घटत आहे. निरीक्षण पुढे चालू ठेवणं आवश्यक आहे.' ते वाक्य लिहिताना मनात काय होतं ते सांगतो. आवश्यक म्हणजे मला आवश्यक. चौथी मुदतवाढ, पाचवी, जमेल तितक्या. आणि रेश्मा? रेश्माचं नाव मनात आलं की मी आलेखाच्या रेषा जाड करत बसत होतो.

चढवला. कोणी नातेवाईक? नाही.

शेरा यायला या वेळी वेळ लागला. तेवढ्यात बिराजदार डोकावले. "तोडकरसर, चौथी टाकणार ना? आमच्या मेहुण्याचा पेपर अजून व्हायचाय हो."

"थांबा जरा," मी म्हणालो. शेरा आला होता.

'परीक्षक ४. निर्णय: सुधारणेसह स्वीकार.'

सत्तावीस वर्षांत माझ्या हातची कुठलीच गोष्ट तिने स्वीकारली नव्हती. चहा नाही, पडद्यांचा रंग नाही. मी खाली वाचत गेलो.

'नमुने नीट घेतले आहेत. मोजणी स्वच्छ आहे. लेखकाने मेहनत केली आहे. परंतु अभ्यास कधी थांबवायचा, हे त्याने ठरवलेलं दिसत नाही. जे कळायचं ते पहिल्या काही नमुन्यांतच कळलं होतं. त्यानंतरही तो रोज खणून, तोलून, माती कोरडी आहे एवढंच पुन्हा पुन्हा सिद्ध करतो आहे. खणताना कोवळी मुळंही तुटत असणार. या सगळ्या काळात झाडाला एकदाही पाणी घातल्याची नोंद नाही. का? "निरीक्षण पुढे चालू ठेवणं आवश्यक" हे वाक्य काढावं. आता मोजणं थांबवावं आणि झाडाला पाणी घालावं.'

मी ते परत वाचलं.

अहो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! देवाशप्पथ सांगतो. दोन महिने मी त्या झाडाशी उकिडवा बसत होतो. हाताशी नळ, पायाशी बादली. मी माती काढली, तोलली, वाळवली, आलेख काढले, आणि तांब्याभर पाणी घालावं, एवढं काही मला सुचलं नाही. डोळ्यांदेखत झाड मरत होतं आणि मी त्याच्या मरणाचे आकडे बायकोला दाखवत होतो.

"काय सर, टाकताय ना?" दारातून बिराजदार.

"नाही."

"अं?"

"बंद करतोय. मेहुण्यांना सांगा, पुढच्या वर्षी."

"अहो, असं कसं? तीन दिल्यात तर चौथीला काय—"

"बिराजदार," मी म्हणालो, "तारीख म्हणजे तारीख."

ते बघतच राहिले. मग काय समजले कोण जाणे, माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

मी 'पेपर स्वीकारणं बंद' दाबलं. यंत्रणेने शिल्लक पेपर परीक्षकांकडे पाठवले. परीक्षक चारकडे फार राहिले नव्हते. एकेक करून संपत आले. रेश्माचा पेपर तिच्याकडे नव्हता, आपल्या विद्यार्थ्याचा पेपर तपासता येत नाही. तो दुसऱ्या दोघांकडे होता. दोघांनीही स्वीकारला. पत्र तिकडे गेल्याची खूण पडद्यावर उमटली. मग एक चौकट उघडली: 'परीक्षक ४ चे काम पूर्ण झाले आहे. कायमचे पुसत आहे.' खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. ठीक काय आहे त्यात, डोंबल! पण दुसरं बटण नव्हतं. दाबलं. चारच्या जागी पाच नंबर वर सरकला.

"चला, चहा घेऊ," बिराजदार हळू आवाजात म्हणाले.

"नको. मला घरी जायचंय. झाडाला पाणी घालायचंय."

घरी आलो, चपलाही न काढता परसात गेलो आणि भरलेली बादली बुंध्याशी उपडी केली. पाणी मातीवरून सरळ वाहत निघालं, फरशीवर पसरलं आणि गटारात गेलं. मातीने थेंब घेतला नाही. मी रिकामी बादली हातात धरून उभा राहिलो. मग शेरा आठवला. कोरडी झालेली माती वरून ओतलेलं पाणी लगेच घेत नाही. हे लेखकाला माहीत नसावं.

"आता माहीत आहे, वैजू," मी मोठ्याने म्हणालो.

आतून तांब्या आणला. बुंध्याशी उकिडवा बसलो आणि अगदी बारीक धार धरली. पहिला तांब्या वरच्या वर तरंगला. दुसराही निम्मा वाहून गेला. मी धार आणखी बारीक केली आणि हात अवघडला तरी तशीच धरून राहिलो. किती तांबे झाले ते मोजलं नाही. कधीतरी मातीचा रंग बदलायला लागला. आधी कडेने, मग मधे. पाणी आत जाताना चुर्र असा अगदी बारीक आवाज आला आणि ओल्या मातीचा वास वर आला. सकाळी तिच्या हातांना यायचा तो वास.

तेव्हा मी रडलो. तांब्या हातातून पडला, गडगडत नळापर्यंत गेला, आणि मी परसात बसून मोठमोठ्याने रडलो. शेजारच्या देसाईकाकू कुंपणापाशी आल्या. "अहो भावजी, काय झालं? काय झालं हो?" त्या घाबरून विचारत होत्या.

"वैजू गेली," मी म्हणालो.